प्लान्टेन कढईत की गुडघ्यावर?

प्रश्न: नमस्कार, मी हौसेने रशियन शिकतेय आणि एका इंग्लिश गोष्टीचं रशियन भाषांतर करून बघतेय. त्यात आजी नातवाच्या खरचटलेल्या गुडघ्यावर प्लान्टेनचं पान लावते आणि पुढे तीच आजी जेवायला प्लान्टेन तळते. डिक्शनरीत पहिलाच शब्द पदारोझ्निक मिळाला, तो दोन्हीकडे टाकला, तर रशियन येणारी मैत्रीण हसतच सुटली. माझं चुकलं कुठे?

उत्तर: अहो, तुमच्या आजीने रस्त्याकडेचं तण तळून वाढलं की! गुडघ्यावरचं पान बरोबर आहे, तिथे पदारोझ्निकच हवं. दारोगा म्हणजे रस्ता, त्यावरून हे नाव, आणि रशियात लहानपणी कुठे खरचटलं की हेच पान लावायचं, इतकं की आता कुठल्याही दुखण्यावर 'पदारोझ्निक लाव' असं गमतीत म्हणतात. म्हणजे तो प्रसंग रशियन वाचकाला आयताच घरचा वाटेल. आपलं इसबगोल याच कुळातलं बरं का.

तळायचं प्लान्टेन म्हणजे भाजीचं केळं, त्याचा या तणाशी काडीचा संबंध नाही. तणाचं नाव तळपायाच्या लॅटिन शब्दावरून, रुंद चपटी पानं जमिनीलगत पसरतात म्हणून, आणि केळ्याचं स्पॅनिशमधून आलं, इंग्लिशमध्ये दोघांचं स्पेलिंग एकच झालं आणि भाषांतर करणाऱ्यांच्या मागे कटकट लागली. रशियनमध्ये या केळ्याला प्लान्तान म्हणतात, पण तो शब्द सगळ्यांना माहीत असेलच असं नाही, म्हणून मी तरी तुमच्या जागी अवाश्नोय बनान, म्हणजे सरळ 'भाजीचं केळं', असं लिहीन, निदान पहिल्यांदा तरी. प्लान्तान लिहिलंतच तर मधला न सांभाळा, तो गळला की प्लातान होतं आणि तो चिनारासारखा मोठा वृक्ष आहे, मग आजी झाड तळायला बसेल!

आता 'पान दिसलं की तण' असा नियम करून मोकळ्या होऊ नका, कारण प्लान्टेनच्या पानात भात गुंडाळलेला असेल तर ते केळीचं पान, तिथे बनानवी लिस्त. पानाचं काय करतायत ते बघायचं, वाटून जखमेवर लावतायत की त्यात जेवण बांधतायत. आणि प्लान्टेनच्या आधी वॉटर हा शब्द असेल तर ती पाणथळ जागेतली तिसरीच वनस्पती, रशियनमध्ये चस्तूखा.

एवढ्यावर सुटका झाली असं वाटत असेल तर उलट्या बाजूनेही एक खड्डा आहे. रशियनमधून भाषांतर करताना टुंड्राच्या वर्णनात लाप्लान्द्स्की पदारोझ्निक भुर्रकन उडाला तर दचकू नका, तो चिमणीएवढा पक्षी आहे.