कोळसा बंद झाला तर कोल्हापूरच्या फाउंड्री कशा चालणार? सोलरवर लोखंड वितळतं का?

वितळतं. इंडक्शन भट्टी म्हणजे विजेच्या कॉइलनं लोखंड वितळवणारी भट्टी. तिला वीज पाहिजे, मग ती उन्हाची असो की चंद्रपूरच्या कोळशाची. पण तुम्ही प्रश्नाखाली "कोळशाशिवाय आपला धंदा बसेल" असं लिहिलंय, त्यासाठी मी उत्तर लिहायला बसलो. हेच वाक्य आमच्या घरात थोरले काका वर्षानुवर्षं म्हणत आलेत.

शिरोलीत काका आणि वडिलांची भागीदारीत फाउंड्री. पंपाच्या बॉड्या, इंजिनाचे पार्ट. भट्टी म्हणजे क्युपोला: वरून हार्ड कोकचा (भाजून कडक केलेल्या दगडी कोळशाचा) थर, लोखंडाचा थर, थोडी चुनखडी, खालून ब्लोअरची हवा. काका ऑफिसात असायचे आणि वडील वर चार्जिंगच्या मजल्यावर. तिथं कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला वास नाही, रंग नाही. डोकं जड होतं, मळमळतं, आणि माणूस म्हणतो आज ऊन जास्त आहे. पोरिंग, म्हणजे साच्यांत रस ओतणं, संपलं की भट्टीचं खालचं दार पाडायचं. टेकू ओढला की पेटता कोक, स्लॅग (लोखंडाची मळी) आणि उरलंसुरलं लोखंड धाडकन खाली. जमीन जरा ओली राहिली तर स्फोटच, म्हणून आधी कोरडी वाळू पसरायची आणि सगळं पडून पसरल्यावर लांबून पाणी मारायचं. त्या वाफेला गंधकाचा वास असतो. वडिलांचे कपडे आई वेगळ्या बादलीत भिजवायची. रुमाल तर फेकूनच द्यायची.

इंडक्शनचा विषय मी काढला तेव्हा काका म्हणाले, "लाईट गेली तर लोखंड भट्टीतच गोठंल. कोक कधी दगा देत न्हाई." आणि वर, "तुझी लाईट तरी कुठनं येतीया? कोळशातनंच न्हवं?"

दुसऱ्या मुद्द्यावर गावातली शहाणी माणसंही गप्प बसतात, म्हणून आकडे मांडतो. चांगल्या क्युपोलाला टनाला सव्वाशे किलोच्या आसपास कोक लागतो. इंडक्शनला टनाला साधारण 600 युनिट. आपल्या ग्रिडच्या एका युनिटमागे सरासरी 0.7 किलो कार्बन डायऑक्साइड धरला, तर टनामागचा कार्बन डायऑक्साइड दोन्हीकडं जवळपास सारखाच येतो. म्हणजे त्या दिवसापुरते काका बरोबर. पण क्युपोला पन्नास वर्षांनीही कोकच खाणार. इंडक्शन भट्टी मात्र जागची न हलता दरवर्षी स्वच्छ होत जाते, कारण तिच्या मागची वीज बदलतेय. 2025 च्या मध्याला देशाच्या एकूण वीजक्षमतेत बिगर-कोळसा, बिगर-तेल, बिगर-गॅस वाटा निम्म्यावर गेला. प्रत्यक्ष निर्मितीत अजून कोळसाच वरचढ आहे, हेही खरं. पण आपल्या बाजूला कोयना आहे, वनकुसवड्याच्या पवनचक्क्या आहेत. "रात्री काय करणार" विचारणाऱ्यांनी जरा साताऱ्याकडं बघावं.

शेवटी आमच्याकडं क्युपोला गेला तो एका गिऱ्हाइकामुळं. त्याला एसजी आयर्न (साध्या बिडासारखं ठिसूळ नसलेलं ओतीव लोखंड) पाहिजे होतं, त्यासाठी लोखंडात गंधक अगदी कमी लागतं, आणि कोकमधला गंधक लोखंडात उतरतोच. ऑर्डर मोठी होती, काकांनी महिन्याभरात सही केली. सख्ख्या भावाच्या छातीसाठी जे इतकी वर्षं जमलं नाही, ते ऑर्डरसाठी जमलं. हे मला आजही लागतं. वडिलांचा खोकला मात्र भट्टीबरोबर गेला नाही.

आता तुमचं सोलर. शेडवर पॅनेल टाकून भट्टी चालेल असं कुणी सांगत असेल तर त्याला दारातनंच परत पाठवा. एक किलोवॉटला साधारण 100 चौरस फूट जागा आणि दिवसाला सरासरी चार युनिट. रोज एका टनाची 600 युनिट काढायला 150 किलोवॉट, म्हणजे 15,000 चौरस फूट छप्पर. तेही जुलै-ऑगस्टचा आपला पाऊस सोडून. छपरावरच्या पॅनेलवर कॉम्प्रेसर, साच्याच्या वाळूचा सँड प्लँट, दिवे काढा. भट्टीसाठी बाहेरच्या सौर प्रकल्पाची वीज ओपन ॲक्सेसनं घ्या, म्हणजे वीज कंपनीच्या तारांवरून थेट त्या प्रकल्पाची. 2022 च्या नियमांनी हरित विजेसाठी त्याची किमान मर्यादा 1 मेगावॉटवरून 100 किलोवॉटवर आणलीय, म्हणजे मध्यम फाउंड्रीही त्यात बसते. व्हीलिंग (तारा वापरल्याचं भाडं), क्रॉस सबसिडी (इतर ग्राहकांच्या स्वस्त विजेसाठीचा अधिभार) वगैरे आकार धरून मगच दर ठरवा, नाहीतर कागदावरची बचत तिथंच संपते.

आणि रात्रीच्या हीट्स, म्हणजे वितळवण्याच्या खेपा, दिवसावर आणा. केंद्राच्या 2023 च्या नियमांप्रमाणं उन्हाच्या तासांत उद्योगाची वीज स्वस्त आणि जास्त मागणीच्या तासांत महाग, अशी दररचना ठरलीय. स्वस्त विजेसाठी वर्षानुवर्षं रात्री पोरिंग करणारा आपला मोल्डर आता रात्री घरी झोपू शकतो.

लाईट जाण्याची काकांची भीती मात्र खोटी नव्हती. कॉइलचं थंड पाणी थांबता कामा नये. त्यासाठी एवढ्या पंपापुरता जनरेटर आणि उंचावर पाण्याची टाकी आधी बसवा, मग भट्टीची ऑर्डर द्या. आणि तुमच्याही घरात कुणी "लाईट कोळशाचीच" म्हणत असेल, तर त्यांना एक आख्खी हीट क्युपोलाच्या चार्जिंग मजल्यावर उभं राहायला सांगा. आमच्या काकांना मी हे सांगितलं होतं. ते वर चढले नाहीत.