शंभरावी कामगिरी

प्रिय मुली,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या भाषांतराची अकरा पानं काल लोकलमध्ये वाचली. एका ओळीला इतक्या मोठ्यानं हसलो की शेजारच्या गृहस्थांनी कागदात डोकावून पाहिलं. ‘नाटकाच्या शंभराव्या कामगिरीनिमित्त सर्व कलाकारांचा सत्कार.’ अगं, शंभरावा प्रयोग! बोलताना तुझ्या तोंडून दुसरा शब्द आलाच नसता. पण समोर इंग्रजी ‘परफॉर्मन्स’ दिसला, कोशात पहिला अर्थ ‘कामगिरी’ सापडला, आणि तू सुटलीस. अकरा पानांत एकोणीस कामगिऱ्या. पेन्सिलनं मोजल्यात.

कामगिरी हा शब्द वाईट नाही. मुंबईनं २०२४ साली वानखेडेवर विदर्भाला हरवून ४२व्यांदा रणजी करंडक जिंकला, तिथं तो शोभतो. आपल्याकडे माणसाला कामगिरीवर पाठवतात आणि ती फत्ते होते. त्या शब्दाला थोडा घोड्याच्या टापांचा आवाज आहे. म्हणून तुझ्या पान ३ वरच्या ‘पाण्याच्या पंपाची समाधानकारक कामगिरी’ला मी अडखळलो. पंप पाणी नीट ओढतो, एवढंच म्हणायचंय ना? मग तेवढंच म्हण. म्युच्युअल फंडाचं म्हणशील तर गुंतवणारा परतावा किती ते विचारतो, कामगिरी विचारत नाही.

तुला हसलो खरा, पण माझी पहिली फजिती याच शब्दानं केली. फोर्टातल्या एका वकिलांकडे मी भाषांतरं करून द्यायचो. परळच्या एका खोलीच्या विक्रीचा वाद होता. विकणाऱ्यानं विसार घेतला आणि भाव वाढल्यावर फिरला. दाव्यात ‘स्पेसिफिक परफॉर्मन्स’ मागितला होता. मी बिनदिक्कत लिहिलं, ‘विशिष्ट कामगिरी’. वकीलसाहेबांनी चष्मा वर करून विचारलं, “म्हणजे काय, कोर्टात नाचून दाखवायचं?” मग समजावलं. घेणाऱ्याला नुकसानभरपाईचे पैसे नकोत, त्याला तीच खोली हवी. तशी दुसरी खोली बाजारात मिळत नाही, म्हणून कोर्टानं विकणाऱ्याला ठरल्याप्रमाणे करार पुरा करायला लावावा, असं त्याचं म्हणणं. १९६३ चा विनिर्दिष्ट अनुतोष अधिनियम अशा दाव्यांसाठी आहे. मराठीत सरळ लिहायचं, ‘करार पूर्ण करून मिळावा’. तू पान ६ वर तीच माती खाल्ली आहेस, त्यामुळे आता आपण एका माळेचे मणी.

पुढे कधीतरी व्युत्पत्तीच्या कोशात पाहिलं तर गंमत कळली. ‘परफॉर्म’मधला ‘फॉर्म’ मागाहून घुसलेला आहे. मूळ जुन्या फ्रेंचमधलं ‘पारफुर्नीर’, म्हणजे पुरतं करणं, तडीस नेणं. तेव्हा वकिलांचा रुक्ष अर्थच जुना. नाटकवाले नंतर आले.

आणि ते आले तेव्हा आपल्याकडे त्यांच्यासाठी शब्द तयारच होता. शाकुंतलाच्या सुरुवातीला कालिदासाचा सूत्रधार म्हणतो की जाणकारांचं समाधान होईपर्यंत मी माझं प्रयोगविज्ञान चांगलं मानत नाही. तोच ‘प्रयोग’ आपण शाळेच्या प्रयोगशाळेतही वापरतो. हा योगायोग नाही असं मला एका जुलैत पटलं. शिवाजी मंदिरला रविवारी एक नाटक पाहिलं होतं. हाऊसफुल्ल. दुसऱ्या अंकात म्हातारा बाप डबा उघडतो, आत पाहतो, बंद करतो आणि म्हणतो, “भेंडीच आहे.” हशा संपेना, नट पाण्याचा तांब्या उचलून आरामात प्यायला. तेच नाटक बुधवारी परत पाहायला गेलो. सकाळपासून पाऊस, गाड्या बंद, प्लाझासमोर गुडघाभर पाणी. तिसरी घंटा झाली तेव्हा जेमतेम पस्तीस डोकी होती. बापानं डबा उघडला, पाहिलं, बंद केला. “भेंडीच आहे.” कुणीच हसलं नाही. नटानं तांब्याकडे नेलेला हात तसाच परत आणला आणि पुढचं वाक्य हळू, जवळजवळ स्वतःशी म्हटलं. रविवारी विनोदी वाटलेला तो बाप बुधवारी एकटा वाटला. संहितेत एक अक्षर बदललं नव्हतं. म्हणून जाहिरातीत नाटकाच्या नावाखाली प्रयोगाचा आकडा छापतात. नाटक तेच राहतं आणि प्रयोग दर वेळी नवा करावा लागतो. नाटकाच्या संहिता तपासणारं सरकारी मंडळसुद्धा ‘रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळ’ आहे. फक्त एक भानगड लक्षात ठेव: सत्तरच्या दशकात दादरच्या छबिलदास शाळेत जे चालायचं ते प्रायोगिक नाटक, आणि त्याचाही प्रयोगच व्हायचा.

पण सगळ्यांनाच प्रयोग चिकटवू नकोस. गाण्याची मैफल रंगते. कोकणातल्या दोन भजनी मंडळींचा सामना असेल तर डबलबारी. तमाशाचा खेळ, सर्कशीचाही खेळ, गारुड्याचाही. कॉपीराइट कायद्यातल्या परफॉर्मरच्या व्याख्येत नट, गायक, नर्तक यांच्याबरोबर जादूगार आणि गारुडीही बसवलेत, शिवाय व्याख्यान देणारा. मी आयुष्यभर भाषणं ठोकली. गारुड्याच्या पंगतीत जागा मिळाली म्हणून बरं वाटलं.

पान ८ वरचा ‘परफॉर्मेटिव्ह’ तू घाईत उरकलास. तो शब्द ऑस्टिन नावाच्या इंग्रज तत्त्वज्ञाचा. १९५५ साली हार्वर्डमध्ये त्यानं त्यावर व्याख्यानं दिली. काही वाक्यं माहिती देत नाहीत, ती बोलली की काम होऊन जातं. मंत्री ‘ईश्वरसाक्ष शपथ घेतो की’ म्हणतो तेव्हा तो शपथेचं वर्णन करत नाही, शपथच घेतो. आणि हल्ली इन्स्टाग्रामवरची पोरं हाच शब्द नेमका उलटा वापरतात: नुसतं बोलणं, काम शून्य. तुझ्या परिच्छेदात हा दुसरा अर्थ आहे. कुणी नदी वाचवायला जातो आणि फोटो काढून परत येतो, त्याला आपल्याकडे ‘देखल्या देवा दंडवत’ म्हणतात. लिही बिनधास्त.

शेवटी तू विचारलंस की पुढच्या आठवड्यात ऑफिसात परफॉर्मन्स रिव्ह्यू आहे, काय बोलू? सरकारी खात्यात त्याला कार्यमूल्यमापन म्हणतात, आणि शब्द रटाळ असला तरी सोयीचा आहे: काम आणि त्याचं मोल. काय मोजलं ते साहेबांना आधी विचार. पानं मोजली, दिलेली वेळ पाळलीस का ते मोजलं, की पुन्हा दुरुस्त कराव्या लागलेल्या ओळी? महिन्याला पानं मोजत असतील तर तू नापास होशील, कारण तू सावकाश काम करतेस, आणि तसंच कर. मीटिंगमध्ये चुणचुणीत दिसलीस की नाही यावर गुण देत असतील, तर तो वेगळा परफॉर्मन्स. त्याची एखादी तालीम आरशासमोर करून जा, त्यात लाज नाही. पण घरी येऊन तो आकडा स्वतःच्या मराठीला लावत बसू नकोस.

एकोणीसपैकी चौदा कामगिऱ्या मी खोडल्यात. उरलेल्या पाचांतल्या चार क्रिकेटच्या आहेत. पाचवी पान ९ वरच्या हवालदाराची. ती राहू दे, त्यानं चालत्या लोकलमधून उतरून साखळीचोर पकडलाय.

तुझा,
काका