फंडाचे ६ लाख आणि काचेचं कपाट

सांगली जिल्ह्यातल्या एका वडिलांचं पत्र आलं आहे. एसटीच्या वर्कशॉपमध्ये ३१ वर्षं मेकॅनिक म्हणून काढून ते गेल्या वर्षी निवृत्त झाले. मुलगा इलेक्ट्रॉनिक्स अँड टेलिकम्युनिकेशनच्या डिप्लोमाला शेवटच्या वर्षाला आहे, एक केटी (राहिलेला विषय) आहे. कोल्हापूरच्या एका प्रदर्शनात त्याच्या हाती व्हेंडिंग मशीनच्या, म्हणजे पैसे भरले की माल आपोआप बाहेर टाकणाऱ्या यंत्राच्या, योजनेचं पत्रक पडलं: ६ लाख भरा, ३ मशीन घ्या, जागा आम्ही शोधून देऊ, मशीनमागे महिना २० हजार घरबसल्या. मुलगा म्हणतो, पुढचा जमाना याचाच. जपान बघा, यूपीआय बघा, एआय बघा. वडील विचारतात, "फंडाचे पैसे द्यावेत का? आणि या लाइनीत पोराचं पोट भरेल असं खरंच काही आहे, की नुसती हवा?"

स. न. वि. वि.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर लगेच देऊन टाकतो. पैसे देऊ नका, निदान यंदा तरी नको. दुसऱ्याला मात्र जरा वेळ लागेल, कारण तुमचा मुलगा हवेत बोलत नाहीये. त्याने बरोबर वारं ओळखलंय, फक्त शीड चुकीच्या होडीला बांधायला निघालाय.

आधी त्याची बाजू. आपल्याकडे ही मशीन इतकी वर्षं का चालली नाहीत, आठवा. रेल्वेच्या फलाटावर वजनाचं मशीन असायचं, लुकलुकणारे दिवे, नाणं टाकलं की पुठ्ठ्याचं तिकीट, मागे भविष्य. ते चाललं, कारण त्याला एकच नाणं लागायचं आणि सुटे परत द्यायचे नव्हते. बिस्किटाचं, पाण्याचं मशीन आलं तिथे घोडं अडलं. दहाची चुरगळलेली नोट मशीन घेत नाही आणि सुटे देताना नाणी अडकतात. परदेशात धंद्याचा पाया असलेला नाणी-नोटांचा भाग आपल्याकडे सगळ्यात जास्त नादुरुस्त होणारा भाग होता. २०१६ मध्ये यूपीआय आलं आणि हा भागच मशीनमधून काढून टाकता आला. पडद्यावर क्यूआर येतो, पोरगं स्कॅन करतं, मोटर फिरते. २०२० पासून यूपीआयवर दुकानदाराला शुल्क लागत नाही, त्यामुळे दहा रुपयांची विक्रीही परवडते. मुलाला हे दिसलं, शाबासकी द्या.

आता मी पाहिलेलं सांगतो. मी कार्यशाळांना जातो अशा एका कॉलेजच्या कॉरिडॉरमध्ये मशीन होतं. २० रुपये भरले, स्प्रिंग फिरली, वेफर्सचं पाकीट पुढे आलं आणि कडेला लोंबकळत राहिलं. शिपाईमामा आले, मशीनच्या कमरेत एक लाथ घातली, पाकीट पडलं. "साहेब, याला असंच लागतं." पुढच्या खेपेला मशीन भरणारा मुलगाच भेटला. मोटारसायकलला दोन्ही बाजूंना खोकी, गळ्यात किल्ली. त्याने दार उघडून दाखवलं. प्रत्येक मालामागे एक स्प्रिंग, तिच्यामागे छोटी मोटर, खाली माल पडला की नाही हे बघणारे इन्फ्रारेड सेन्सर. पडला नाही तर पैसे परत जायला हवेत. माझ्या वेळी सेन्सरवर धूळ होती. म्हणाला, "स्प्रिंगचं शेवटचं टोक कुठल्या बाजूला थांबतं यावर सगळा खेळ आहे सर. आणि महाबळेश्वरचं मशीन तर डोकं खातं, वर गेलं की पाकिटं फुगतात, स्प्रिंगमध्ये बसतच नाहीत." हे कुठल्या पत्रकात छापलेलं नसतं. त्या मुलाकडे २२ मशीन होती, मालकीचं एकही नाही, आणि मालकाला त्याच्यावाचून एक दिवस काढता येत नव्हता.

एसटीत बस कोणाच्या नावावर आहे याने फेरी सुटत नाही, डेपोतल्या पान्याने सुटते, हे तुम्हाला मी सांगावं असं नाही.

आता पत्रकातला हिशेब. मशीनमागे महिना २० हजार सुटायचे तर काय लागेल? पाकीटबंद मालावर तुम्हाला १५ टक्के सुटतात असं धरू. मग महिन्याची विक्री हवी १ लाख ३३ हजार. कामाचे २६ दिवस, म्हणजे रोज पाच हजारांच्या वर. २० रुपयांच्या वस्तू धरल्या तर रोज अडीचशेच्या वर. दहा तासांत दर अडीच मिनिटांना एक गिऱ्हाईक! मशीनमध्ये तीन-चारशे नग मावतात, म्हणजे जवळजवळ रोज भरायला जायचं. "घरबसल्या" कुठे राहिलं? त्यापेक्षा बऱ्या जागेवर रोज ६० नग जातात असं माना. महिन्याला ३१ हजार २००, त्याचे १५ टक्के ४ हजार ६८०. थंड ठेवणारं मशीन दिवसाला सहा युनिट वीज खातं असं धरा, १२ रुपयांनी महिन्याचे २ हजार १६०. जागेचं भाडं हजार. उरले दीड हजार, त्यातून पेट्रोल, मुदत संपलेला माल आणि शिपाईमामांच्या लाथेने फुटलेली काच. जागेवाल्याने वीज आपल्या अंगावर घेतली तर चित्र बरं दिसतं, म्हणून करारात पहिली ओळ ती वाचायची.

विक्रीची किंमत वाढवून भागवू म्हणाल तर तेही नाही. आपल्याकडे पाकिटावर एमआरपी छापलेली असते आणि तिच्यावर एक रुपया घेणंही कायद्याला चालत नाही. १९९९ मध्ये अमेरिकेतल्या कोका-कोलाच्या प्रमुखांनी, उन्हाळा वाढला की मशीनमधली किंमत आपोआप वाढवता येईल, असं सुचवलं होतं. तिथेही लोक इतके खवळले की कंपनीला हात झटकावे लागले. मुलगा ज्याला "डायनॅमिक प्रायसिंग" म्हणतो ते आपल्याकडे फक्त खालच्या दिशेने चालतं: मुदत संपायला चार दिवस उरले की दर उतरवायचा. तेही कामाचं आहे, पण त्याने कोणी मोठा होत नाही. एमआरपीच्या बाहेर काय राहतं? कपात ओतलेला चहा. म्हणून तर ऑफिसातली मशीन बहुतेक चहा-कॉफीची असतात, आणि तिथेही मशीनवर कमाई नसते. मशीन अनामतीवर किंवा भाड्याने द्यायचं, प्रिमिक्स (चहा-कॉफीची तयार पूड) मात्र आमच्याकडूनच घ्या, असा तो व्यवहार आहे.

जपानबद्दल थोडक्यात. तिथे सगळ्या प्रकारची मिळून ४० लाखांच्या आसपास मशीन आहेत हे खरं. पण तिथे माणसाचा पगार महाग, रस्त्यावरच्या मशीनची कोणी मोडतोड करत नाही आणि कोपऱ्यावर टपरी नाही. आपल्याकडे टपरीवाला उधार देतो, शिवाय गप्पा मारतो. शहरांतल्या सोसायट्यांत तर दहा मिनिटांत घरपोच देणारी अ‍ॅप आल्यावर खाली उतरून मशीनपाशी जायचं कोणाला पडलंय?

मग हे मशीन चालतं कुठे? जिथे गिऱ्हाईक बाहेर जाऊ शकत नाही आणि बाहेरचा आत येऊ शकत नाही. रात्रीचा दवाखाना. तिसऱ्या पाळीतला कारखाना. मेट्रोचं स्टेशन. यातलं कारखान्याचं प्रकरण मला सगळ्यात भारी वाटतं आणि त्याबद्दल कोणी बोलत नाही. तुमच्या कुपवाड-मिरज एमआयडीसीत, कोल्हापूरच्या फाउंड्र्यांत, चाकणला सीएनसीच्या (कॉम्प्युटरवर चालणाऱ्या यंत्रांच्या) खात्यात बघा. हातमोजे, गॉगल, कानातले प्लग, कार्बाइडचे इन्सर्ट, म्हणजे यंत्राला लावायची धातू कापणारी छोटी पाती. इन्सर्ट नखाएवढा, किंमत शेकड्यांत, आणि स्टोअरच्या रजिस्टरमध्ये "४ नग, सही" यापलीकडे पत्ता नसतो. त्याजागी मशीन ठेवलं की कामगार ओळखपत्र लावतो, लागेल तेवढं घेतो, कोणी, कुठल्या पाळीत, कशासाठी घेतलं हे नोंदलं जातं आणि साठा संपायच्या आत पुरवठादाराला निरोप जातो. फास्टनल नावाची नट-बोल्ट विकणारी अमेरिकन कंपनी आहे. १९६७ मध्ये ती सुरू झाली तेव्हा मशीनमधून बोल्ट विकायचे हीच मूळ कल्पना होती आणि ती फसली होती. आज तिची लाखाहून जास्त यंत्रं गिऱ्हाइकांच्या कारखान्यांत उभी आहेत. तिथे विकला जातो तो हिशेब, हातमोजा निमित्त.

याला जोडूनच तुमच्या मुलाच्या शिक्षणाचा धागा येतो. १९८२ च्या सुमाराला अमेरिकेत कार्नेगी मेलन विद्यापीठातली पोरं वैतागली होती. लांबवर चालत कोकच्या मशीनपाशी जावं तर ते रिकामं, नाहीतर बाटली कोमट. त्यांनी मशीनच्या दिव्यांना वायरी जोडल्या आणि कुठल्या खणात बाटली आहे, ती गार झाली असेल का, हे कॉम्प्युटरवर बघायची सोय केली. नेटवर्कला जोडलेलं ते पहिलं मशीन म्हणतात. आज ज्याला टेलिमेट्री म्हणतात ती हीच. मशीनमध्ये सिमकार्ड, कुठल्या स्प्रिंगमध्ये किती उरलं, आतलं तापमान किती, कुठली मोटर अडकली, सगळं मोबाइलवर. त्या २२ मशीनवाल्या पोराला रोज २२ ठिकाणी जावं लागत नाही, सात ठिकाणी जावं लागतं, आणि कुठली सात ते सकाळी कळतं. एआयचं खरं काम सध्या एवढंच आहे: उद्या कुठे काय संपेल याचा अंदाज. बाकीचं पत्रकात छापायला छान दिसतं.

कॅमेऱ्याची कपाटं येताहेत हेही सांगतो. दार उघडा, हवं ते घ्या, दार लावा, कॅमेरा आणि खालचे वजनकाटे मिळून बिल करतात. चांगली कल्पना आहे, पण याच कल्पनेची मोठी आवृत्ती अमेझॉनने २०२४ मध्ये अमेरिकेतल्या आपल्या मोठ्या किराणा दुकानांतून काढून घेतली. त्याच वर्षी कॅनडात वॉटर्लू विद्यापीठातल्या चॉकलेटच्या मशीनवर बिघाडाचा संदेश झळकला आणि त्यात चेहरा ओळखणाऱ्या प्रोग्रॅमचं नाव दिसलं. कंपनी म्हणाली, आम्ही चेहरे साठवत नाही. पोरांनी कॅमेऱ्याच्या भोकावर च्युइंगगम चिकटवला आणि विद्यापीठाने मशीन हलवायला सांगितली. आपल्याकडेही २०२३ मध्ये वैयक्तिक डेटाचा कायदा झाला आहे. उद्या मुलगा अशा कंपनीत लागला तर कॅमेरा काय टिपतो हे त्याला माहीत असलं पाहिजे.

आता मुलाने काय करावं. केटी आधी. हे मी हसत लिहितोय पण गंमत नाही. डिप्लोमा हातात नसेल तर अप्रेंटिसशिपचं दार उघडत नाही. निकाल लागला की एनएटीएसच्या (केंद्र सरकारच्या अप्रेंटिसशिप योजनेच्या) पोर्टलवर नोंदणी करून एक वर्षाची अप्रेंटिसशिप बघावी. मुंबईचं अप्रेंटिसशिप प्रशिक्षण मंडळ आपल्या भागाचं काम बघतं. मशीन बनवणारी, चालवणारी किंवा नुसती दुरुस्त करणारी, कुठलीही कंपनी चालेल. ती मिळाली नाही तर एटीएमची, चहाच्या मशीनची किंवा कोल्ड्रिंकच्या फ्रिजची देखभाल करणारी चालेल. पगार सुरुवातीला डिप्लोमावाल्याला इतरत्र मिळतो तेवढाच असेल. पेट्रोल कोण देणार हे मुलाखतीतच विचारावं, पोरं लाजतात आणि महिनाअखेर खिसा रिकामा होतो.

त्या वर्षात दोन गोष्टी हाताखालून जाऊ द्या. एक, रेफ्रिजरेशन. इलेक्ट्रॉनिक्सच्या पोरांना कॉम्प्रेसरची भीती वाटते आणि आयटीआयच्या पोरांना सर्किट बोर्डाची. दोन्हीला हात घालणारा माणूस या धंद्यात शोधून सापडत नाही. आयटीआयमध्ये संध्याकाळचा छोटा कोर्स मिळाला तर उत्तम, नाहीतर मिरजेत एखाद्या फ्रिज दुरुस्तीवाल्याकडे दोन महिने बसवा, तुमच्या ओळखीचे असतीलच. दुसरी, पैसे घेणारं यंत्र आणि मशीनचा मेंदू एकमेकांशी ज्या भाषेत बोलतात ती. तिला मल्टी ड्रॉप बस म्हणतात. (बस तुमचा पिच्छा सोडत नाही!) तिची कागदपत्रं इंटरनेटवर फुकट आहेत. हजार-बाराशेच्या सुट्या भागांत घरच्या टेबलावर त्याने एक स्प्रिंग, एक मोटर, एक सेन्सर जोडून दाखवावं. मुलाखतीला मार्कशीटपेक्षा ते कामाला येईल.

धंदा करायचाच असेल तर तो त्या वर्षानंतर, आणि एका मशीनने. तेव्हाही फंडाला हात लावायच्या आधी सांगलीच्या जिल्हा उद्योग केंद्रात मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रमाची चौकशी करा, त्यात कर्जाबरोबर अनुदान असतं. खाद्यपदार्थ ठेवायचे तर एफएसएसएआयची, म्हणजे अन्नसुरक्षा प्राधिकरणाची, नोंदणी लागेल. डोकेदुखीच्या गोळ्या वगैरे ठेवू, असं मुलगा म्हणाला तर थांबवा, औषधाला परवाना आणि फार्मासिस्ट लागतो.

तोवर त्याला एक काम द्या. मिरजेत दवाखान्यांना तोटा नाही. एका मोठ्या दवाखान्याच्या बाहेरच्या टपरीपाशी त्याने संध्याकाळी आठ ते पहाटे दोन, सलग तीन रात्री वही घेऊन बसावं. कोण आलं, काय मागितलं, काय मिळालं नाही, किती वाजता टपरी बंद झाली, त्यानंतर किती माणसं येऊन परत गेली. पत्रकवाल्या कंपनीलाही फोन करू दे, पण पुढचे प्रश्न विचारायला: तुमची मशीन दोन वर्षांपूर्वी घेतलेल्या तीन लोकांचे नंबर द्या, मोटर गेली तर किती दिवसांत येते आणि कुठून, जागा चालली नाही तर मशीन हलवायचा खर्च कोणाचा, माल तुमच्याकडूनच घ्यायची सक्ती आहे का. नंबर मिळाले तर त्यातल्या एकाकडे तुम्ही स्वतः जा. मशीनचं दार उघडून बघा. त्याची देखभाल झालीय की नाही हे तुम्हाला माझ्यापेक्षा लवकर कळेल.

तीन रात्रींची वही आणि केटीचा निकाल, दोन्ही झाल्यावर मला पुन्हा लिहा. मुलाला स्वतःला लिहू दे.