ब्लॉग लिहिणारे प्राध्यापक आणि टेन्युअर: वाचकांचे प्रश्न

प्रश्न: ओहायोतल्या एका सरकारी विद्यापीठात मी समाजशास्त्राची सहायक प्राध्यापक आहे, तिसरं वर्ष सुरू आहे. स्थलांतरित कामगारांविषयी दर आठवड्याला ब्लॉग लिहिते आणि तो बऱ्यापैकी वाचला जातो. विभागप्रमुख परवा म्हणाले, "छंद चांगला आहे तुमचा." तेव्हापासून धाकधूक वाटते. टेन्युअर मिळेपर्यंत लिहिणं थांबवू का?

उत्तर: थांबवू नका, पण आठवड्याचा ब्लॉग महिन्यावर आणा. आधी वेळेचा हिशोब बघा.

टेन्युअरचा, म्हणजे कायमस्वरूपी नेमणुकीचा, निर्णय साधारणपणे सहाव्या वर्षी होतो. नकार आला तर सातवं वर्ष शेवटचं. पण तुमच्या कामाची फाइल बाहेरच्या तज्ज्ञांकडे जाते ती बहुधा पाचवं वर्ष संपतानाच्या उन्हाळ्यात. म्हणजे हातात खरी पाचच वर्षं, आणि त्यातली निम्मी सरत आली आहेत. चांगल्या नियतकालिकाला लेख पाठवायचा, दुरुस्त्या करायच्या, पुन्हा पाठवायचा, यात वर्ष-दोन वर्षं सहज जातात. त्यामुळे फाइलमध्ये जे मोजलं जाणार, ते तुम्हाला आत्ता आणि येत्या वर्षभरात पाठवायचं आहे. संदर्भ तपासून लिहिलेल्या बाराशे शब्दांच्या ब्लॉगला कामाचा एक दिवस धरा. वर्षाला ४० ब्लॉग म्हणजे कामाचे आठ आठवडे झाले. जवळजवळ एका उन्हाळ्याचं लेखन त्यात जातं.

आता फाइल कशी फिरते ते पाहा. विभागाची समिती, विभागप्रमुख, कॉलेजची समिती, डीन, मग प्रोव्होस्ट, म्हणजे विद्यापीठाचे शैक्षणिक प्रमुख. नावं थोडीफार बदलतात, क्रम बहुतेक हाच. विभागाच्या वर गेल्यावर तुमच्या विषयातलं माणूस क्वचितच भेटतं. तिथे भिस्त असते ती बाहेरून आलेल्या पत्रांवर. पत्र लिहिणाऱ्यांना तुमचा सीव्ही, संशोधनाचं निवेदन आणि निवडक लेख पाठवतात आणि विचारतात, या व्यक्तीच्या कामानं विषयात काय भर पडली? ब्लॉग त्या पाकिटात सहसा नसतो. पण पत्र लिहिणाऱ्यानं तुमचं नाव आधी कुठे तरी वाचलेलं असणं फार मोलाचं असतं, आणि ब्लॉगचा सगळ्यात मोठा फायदा हाच. दुसऱ्या राज्यातल्या ज्येष्ठ समाजशास्त्रज्ञाला तुमचा लेख शोधावासा वाटला तो ब्लॉगमुळे, असं घडतं. लेखच नसेल तर मात्र शोधून त्यांच्या हाती काही लागत नाही.

ब्लॉगविषयीची भीती बरीचशी २००५ सालातली आहे. शिकागो विद्यापीठानं त्या एकाच वर्षी राज्यशास्त्रज्ञ डॅनियल ड्रेझनर आणि भौतिकशास्त्रज्ञ शॉन कॅरॉल या दोघांना टेन्युअर नाकारलं. दोघंही नावाजलेले ब्लॉगर. अशा समित्यांची चर्चा गोपनीय असते, त्यामुळे ब्लॉगमुळेच नकार मिळाला असं कुणालाच सिद्ध करता आलं नाही. पुढे ड्रेझनर टफ्ट्सच्या फ्लेचर स्कूलमध्ये गेले, कॅरॉल कॅलटेकमध्ये. आमच्या मते यातून इतकंच घ्यावं की आधीच साशंक असलेल्या सदस्याच्या हातात ब्लॉग एक वाक्य देतो: "यांचा वेळ दुसरीकडे जातोय." लेखांचा गठ्ठा भक्कम असेल तर ते वाक्य चालत नाही, गठ्ठा पातळ असेल तर तेच निर्णायक ठरतं. गणितज्ञ टिमथी गॉवर्स आणि टेरेन्स टाओ यांचं उदाहरण देऊन कुणी धीर दिला, तर लक्षात ठेवा की ब्लॉग सुरू झाले तेव्हा दोघांकडेही फील्ड्स पदक, म्हणजे गणितातला सर्वोच्च सन्मान, होतं. गॉवर्सना ते १९९८ मध्ये मिळालं, टाओंना २००६ मध्ये.

विभागप्रमुखांच्या त्या वाक्यावर झोप उडवून घेऊ नका, पण त्यांना लेखी विचारा. विभागाची टेन्युअरची नियमावली काढा, त्यात सार्वजनिक लेखनाला जागा आहे का बघा आणि दोन ओळींचा ईमेल पाठवा: "नियमावलीच्या अमुक कलमात 'समाजाशी संवाद' हा शब्द आहे. माझा ब्लॉग तिसऱ्या वर्षाच्या आढाव्यात त्याखाली दाखवू का, की सेवा या सदरात?" उत्तर काहीही येवो, ते जपून ठेवा. विभागप्रमुख बदलतात, तोंडी आश्वासन त्यांच्याबरोबर जातं. सोबत अमेरिकन सोशिऑलॉजिकल असोसिएशनचा २०१६ चा अहवाल जोडता येईल. टेन्युअर आणि बढतीच्या वेळी सार्वजनिक संवादाचं मूल्यमापन कसं करावं, हाच त्याचा विषय आहे. मात्र तो शिफारशीपुरता आहे. बांधून घेते ती तुमच्या विभागाची नियमावली.

प्रश्न: इतिहास विभागात चौथं वर्ष. ब्लॉग फाइलमध्ये घालायचं विभागानं मान्य केलं आहे. नेमका कसा घालायचा?

उत्तर: नुसती लिंक देऊ नका. समितीतले लोक प्रिंट काढून वाचतात, आणि लिंक तुटते तेव्हा ती नेमकी त्याच आठवड्यात तुटते.

शेकडो नोंदींतून पाच-सहा निवडा. प्रत्येकीची पीडीएफ करा, वर पहिल्या प्रकाशनाची तारीख घाला आणि झेनोडोसारख्या ऑनलाइन भांडारात ठेवून डीओआय, म्हणजे न तुटणारा कायमचा ओळखक्रमांक, घ्या. ते फुकट आहे. ब्लॉग सलग चालणारा असेल तर अमेरिकेत लायब्ररी ऑफ काँग्रेसकडे आयएसएसएन (नियतकालिकांना मिळणारा क्रमांक) मागता येतो, त्यालाही पैसे पडत नाहीत. आयएसएसएनमुळे ब्लॉग पिअर रिव्ह्यू झालेलं, म्हणजे तज्ज्ञांनी तपासलेलं, नियतकालिक ठरत नाही, आणि तसं भासवण्याचा प्रयत्न तर मुळीच करू नका. सीव्हीवर "शोधलेख" या शीर्षकाखाली एक जरी ब्लॉगनोंद सापडली तरी समितीचा बाकीच्या यादीवरचा विश्वास उडतो. शीर्षक वेगळं हवं: "सार्वजनिक लेखन".

यासोबत दीड पानाचं टिपण लागतं, आणि बहुतेकांचं चुकतं ते इथेच. ते वाचनसंख्या देतात. दोन लाख वाचक ऐकून डीनला काहीच कळत नाही, कारण तुलना कशाशी करायची? त्याऐवजी वापर दाखवा. कुठल्या विद्यापीठाच्या अभ्यासक्रमपत्रिकेत तुमची नोंद लावली आहे, कुठल्या शोधलेखाच्या तळटिपेत ती आली, कुठल्या संग्रहालयानं त्यावरून विचारणा केली, कुठली नोंद वाढून पुढे लेख झाली. शेवटचा मुद्दा सर्वांत वजनदार. असा पुरावा नंतर गोळा होत नाही, म्हणून आजच एक फोल्डर उघडा आणि आलेला प्रत्येक ईमेल तारखेसह त्यात टाका. तुमच्या विषयात एक जमेची बाजूही आहे: अमेरिकन हिस्टॉरिकल असोसिएशननं २०२३ मध्ये इतिहासलेखनाची व्याख्या रुंदावणारी मार्गदर्शक तत्त्वं मंजूर केली. टिपणाच्या पहिल्या परिच्छेदात त्यांचा उल्लेख करा.

प्रश्न: मॅसॅच्युसेट्समधल्या खासगी विद्यापीठात आहे, एच-वन-बी व्हिसावर. राजकारणावर लिहायचं आहे. टोपणनावानं लिहिलं तर सुरक्षित राहीन का? ब्लॉगवर जाहिराती लावल्या तर?

उत्तर: जाहिरातींचं आधी सांगतो: लावू नका. एच-वन-बी ज्या नोकरीसाठी मिळाला आहे, त्याबाहेरची कमाई विनापरवाना काम ठरू शकते. रक्कम किरकोळ असली तरी ग्रीन कार्डच्या अर्जात ती अडचण होते. इमिग्रेशन वकिलाच्या लेखी सल्ल्याशिवाय त्या वाटेला जाऊ नका.

टोपणनावावर फार विसंबू नका. विषय, शहर, परिषदेच्या तारखा आणि लिहिण्याची ढब यावरून सहकारी ओळखतात, आणि उघड झाल्यावर लपवल्याचा ठपका वेगळा बसतो. नावानिशी लिहा आणि जे लिहाल ते विभागाच्या बैठकीत वाचून दाखवता येईल असं लिहा.

कायद्याचं म्हणाल, तर घटनेची पहिली दुरुस्ती सरकारला बांधते, खासगी विद्यापीठाला नाही. तुमचं संरक्षण तुमच्या करारात आणि फॅकल्टी हँडबुकमध्ये आहे. प्राध्यापकांच्या संघटनेचं, एएयूपीचं, १९४० चं निवेदन हँडबुकात समाविष्ट केलं आहे का, ते आधी बघा. नागरिक म्हणून बोलणाऱ्या प्राध्यापकावर संस्थेनं कारवाई करू नये, असं ते म्हणतं. त्याचबरोबर अचूकता, संयम आणि आपण संस्थेच्या वतीनं बोलत नाही हे स्पष्ट करण्याची अपेक्षाही ठेवतं. म्हणून ब्लॉगच्या प्रत्येक पानावर तसं वाक्य हवं, आणि विद्यापीठाचा लोगो, ईमेल आणि लॅपटॉप यापैकी काही वापरू नका.

करार किती उपयोगी पडतो, ते मार्क्वेट विद्यापीठाच्या जॉन मॅकअ‍ॅडम्स यांच्या प्रकरणात दिसतं. २०१४ मध्ये त्यांनी ब्लॉगवर वर्ग घेणाऱ्या एका पदव्युत्तर विद्यार्थिनीचं नाव घेऊन टीका केली आणि ते निलंबित झाले. २०१८ मध्ये विस्कॉन्सिनच्या सर्वोच्च न्यायालयानं कराराच्या आधारे त्यांच्या बाजूनं निकाल दिला. त्यांना टेन्युअर होतं, तरी तीन वर्षांहून अधिक गेली. त्याच २०१४ मध्ये इलिनॉय विद्यापीठानं स्टीव्हन सलैटा यांना दिलेली नेमणूक गाझावरच्या ट्वीट्सनंतर मागे घेतली. पुढच्या वर्षी ८ लाख ७५ हजार डॉलरची तडजोड झाली, नोकरी मात्र मिळाली नाही. टेन्युअर नसलेल्याला तर काढावंही लागत नाही, करार नुसता संपू दिला जातो. नोकरी संपल्यावर एच-वन-बीधारकाला मिळणारी मुदत जास्तीत जास्त ६० दिवसांची आहे. तुमच्या बाबतीत जोखमीचा खरा आकडा हा आहे.

विद्यार्थ्यांविषयी, नाव न घेताही, लिहू नका. "माझ्या मंगळवारच्या वर्गातला एक मुलगा" एवढ्यावरून तो ओळखू येतो, आणि त्याचे गुण किंवा नोंदी उघड झाल्या तर विद्यार्थ्यांच्या नोंदी गोपनीय ठेवणाऱ्या १९७४ च्या फर्पा कायद्याचा प्रश्न उभा राहतो.

प्रश्न: अपुरं संशोधन ब्लॉगवर टाकलं तर नियतकालिक ते "आधीच प्रकाशित" म्हणून नाकारेल का?

उत्तर: विषयावर अवलंबून आहे. गणितात आणि भौतिकशास्त्रात अडचण नाही, तिथे १९९१ पासून अर्काइव्ह या खुल्या संकेतस्थळावर लेख आधीच टाकायची सवय आहे. गॉवर्सनी २००९ मध्ये ब्लॉगवर सुरू केलेल्या पॉलिमॅथ प्रकल्पातून तर उत्तम शोधलेख निघाले. वैद्यकाच्या नियतकालिकांचे नियम कडक असतात, तिथे निष्कर्ष आणि आकडे ब्लॉगवर नकोत. मानव्यविद्या आणि समाजशास्त्रात वेगळीच अडचण येते. परीक्षकापासून लेखकाचं नाव लपवलेलं असतं, आणि ब्लॉगवरचं वाक्य जसंच्या तसं लेखात असलं की एका शोधात नाव उघडं पडतं. म्हणून युक्तिवाद ब्लॉगवर चालेल, सारणी आणि शीर्षक लेखासाठी राखा.

दुसऱ्याच्या शोधावर टीका करायची असेल तर सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ रोझी रेडफिल्ड यांची पद्धत बघा. आर्सेनिकवर जगणाऱ्या जिवाणूच्या दाव्यातल्या चुका त्यांनी डिसेंबर २०१० मध्ये ब्लॉगवर दाखवल्या. मग स्वतः प्रयोग केले, आणि २०१२ मध्ये दावा खोडणारा त्यांचा लेख 'सायन्स'मध्येच आला. फाइलमध्ये मोजला जातो तो हा दुसरा टप्पा.

प्रश्न: कोल्हापूर जिल्ह्यातल्या अनुदानित महाविद्यालयात शिकवतो. भूगोलावर मराठीत ब्लॉग लिहितो. कॅसमध्ये, म्हणजे प्राध्यापकांच्या पदोन्नती योजनेत, याचे गुण मिळतात का?

उत्तर: ब्लॉग म्हणून मिळत नाहीत. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०१८ च्या नियमावलीतल्या गुणतक्त्यात ब्लॉग हा शब्दच नाही. आपल्याकडे परिविक्षा (प्रोबेशन) एक वर्षाची असते, फार तर आणखी एक वर्ष वाढते, त्यामुळे अमेरिकेसारखी सहा वर्षांची टांगती तलवार नाही. आपली अडचण पुढे, प्राध्यापकपदाच्या पायरीवर येते. तिथे किमान ११० संशोधन गुण लागतात आणि ते तक्त्यातल्या सहापैकी किमान तीन गटांतून यावे लागतात. बऱ्याच जणांकडे शोधलेख भरपूर असतात आणि बाकीचे गट रिकामे.

ते रिकामे गट ब्लॉगच्या मजकुरातून भरता येतात. नोंदी एकत्र करून, नव्यानं लिहून राष्ट्रीय प्रकाशकाकडून पुस्तक काढलं तर १० गुण, संपादित ग्रंथातलं प्रकरण असेल तर ५. तोच मजकूर ई-कंटेंटच्या रूपात बांधला तर प्रत्येक मॉड्यूलला ५ आणि पूर्ण अभ्यासक्रमाला १२. भूगोलाचं चांगलं पुस्तक मराठीत आणलंत तर अनुवादाचे ८. ब्लॉगनोंद जशीच्या तशी छापून आणू नका, छाननी समिती तारखा पाहते. आणि सुरुवात करण्याआधी आयक्यूएसी (महाविद्यालयाचा अंतर्गत गुणवत्ता कक्ष) समन्वयकांकडून मॉड्यूलचा नमुना मागून घ्या. चार भागांची रचना नसेल तर तयार झालेलं काम पुन्हा बांधावं लागतं.