स्टंट भारी, पिक्चर पुचाट

प्रश्न : ‘द फॉल गाय’ हा हॉलिवूडचा पिक्चर बघितला, निम्म्यातच जांभया यायला लागल्या, आमचंच कायतरी चुकतंय का ओ?
– एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर : तुमचं काय चुकलं नाही. रायन गॉसलिंग न् एमिली ब्लंट दोघंबी लई भारी, खरं त्यांचं जरा जमायला लागलं की मधेच ते खुनाचं लफडं घुसतंय, सगळाच बिनमिठाचा तांबडा रस्सा. स्टंट मात्र अस्सल हं! गाडीनं साडेआठ कोलांट्या खाल्ल्या, गिनीज रेकॉर्ड झाला, आणि डायरेक्टर डेव्हिड लीच स्वतः ब्रॅड पिटचा स्टंट डबल, म्हंजे त्याच्या जागी स्टंट करणारा होता, म्हणजे धंदा माहितीय माणसाला, खरं गोष्ट सांगायला नको का नीट? शेवटी नावं पडताना शूटिंगचे तुकडे आहेत, ते तेवढे बघा.