‘होणारच’मधला ‘च’

“ताईला झाला मॅडम, आता माझा नंबर.”

सोलापुरात सात रस्त्याजवळच्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत हे वाक्य किती जणी बोलून गेल्या, याची मोजदाद ठेवलेली नाही. कधी ताईऐवजी आई असते, कधी मावशी. आपल्या जिल्ह्याला कॅन्सर नवा नाही. बार्शीचं नर्गिस दत्त रुग्णालय सगळ्यांना ठाऊक आहे, आणि ग्रामीण भागातली देशातली पहिली कर्करोग नोंदणीही १९८७ साली बार्शीतच सुरू झाली. तरी घरात हा आजार आला की आवाज खाली जातो आणि ‘घराण्यातच आहे’ म्हणून विषय मिटवला जातो. म्हणून रेखाची गोष्ट सांगते. नावगाव बदललंय, शिलाईमशीन मात्र खरं आहे.

रेखा ३४ वर्षांची. नवरा यंत्रमागावर, ही घरी शाळेचे गणवेश शिवते. थोरल्या बहिणीला ४१व्या वर्षी स्तनाचा कॅन्सर झाला. वय कमी म्हणून डॉक्टरांनी तिची जनुक तपासणी करून घेतली, तर बीआरसीए-१ या जनुकात बिघाड निघाला. रेखालाही तपासून घ्यायला सांगितलं. ही तपासणीला तयार नव्हती आणि रात्री झोपतही नव्हती. शेवटी नवऱ्यानेच माझ्याकडे आणून सोडलं.

मी घरचं विचारत होते. बोलता बोलता म्हणाली, “स्वैपाकघरातल्या सगळ्या डब्यांवर चिठ्ठ्या डकवल्यात. काळा मसाला, शेंगाचटणी, बेसन. पोरीला भाकरी थापायला शिकवतेय.”

“किती वर्षांची आहे?”

“नऊ.”

“एवढी घाई कशाला?”

“मी गेल्यावर कुठल्या डब्यात काय आहे, कोण सांगणार ओ तिला?”

अंगात एक गाठ नाही, आणि बाई निरोपाच्या तयारीत!

तपासणी का नको, तर म्हणे, “पैसे कशाला घालवायचे? आहेच माझ्यात. होणारच मला.” मी दोन्ही शब्द वहीत लिहिले आणि दोन्हींतल्या ‘च’भोवती गोल काढला. मी अल्बर्ट एलिस या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाच्या वाटेने जाणारी. जे घडलं त्याहून, त्याबद्दल आपण स्वतःला जे बजावत राहतो तेच जास्त छळतं, असं मी मानते. आणि मराठीत हे बजावण्याचं काम बहुतेक वेळा ‘च’ करतो.

पहिला ‘च’ सोपा होता. आई-वडिलांपैकी एकाकडे हा बिघाड असला, तर प्रत्येक मुलाकडे तो येण्याची शक्यता निम्मी. ताईकडे आला म्हणून रेखाकडे आलाच, असं नाही. कागदावर वंशावळ काढताना आणखी एक गोष्ट निघाली. तिची एक आत्या चाळिशीत ‘पोटात पाणी होऊन’ गेली होती. “तिचं वेगळं ओ, आमची आई ठणठणीत आहे,” रेखा म्हणाली. ‘बायकांचा आजार’ आईकडूनच येतो, हा समज मला दर आठवड्याला भेटतो. बिघाड बापाकडूनही तितकाच येतो. आणि पोटात पाणी होण्यामागे अंडाशयाचा कॅन्सरही असू शकतो.

दुसरा ‘च’ हटेना. छापील पुस्तकात एक अक्षर चुकतं तसं जनुकात होतं, हे माझं ठेवणीतलं उदाहरण. ते सपशेल पडलं. चौथ्या भेटीत तिनेच विचारलं, “जन्मापासून बिघाड होता, तर ताईला ४१ वर्षं काही कसं झालं नाही?”

मी सांगितलं, या जनुकाचं काम दुरुस्तीचं. पेशीतल्या डीएनएला रोज कुठे ना कुठे इजा होते, ती भरून काढायची. त्याच्या दोन प्रती असतात, एक आईची, एक वडिलांची. एक बिघडलेली असली तरी दुसरी काम करते.

ती पदराला चिकटलेला दोरा काढत बसली. बराच वेळ. मी काही बोलले नाही, याचं आजही बरं वाटतं. दहा वर्षांपूर्वी मी नक्कीच मध्ये तोंड घातलं असतं.

“म्हणजे दोन रफूवाले,” ती म्हणाली. “एक जन्मापासनं रजेवर, दुसरा एकटा ओढतोय.”

“हो.”

“तो जिथं दमला, तिथं कापड फाटणार.”

“फाटणार?”

“फाटू शकतं.” मग थोडं थांबून, “शकतं.”

पुस्तकाचं उदाहरण मी तेव्हापासून सोडलं. आता रफूवालेच सांगते.

खोटा धीर मात्र दिला नाही. बीआरसीए-१मध्ये घातक बदल असलेल्या १०० बायकांपैकी ६०हून जास्त जणींना आयुष्यात स्तनाचा कॅन्सर होतो, अंडाशयाचा साधारण ४०च्या आसपास किंवा जास्त जणींना. आकडा मोठाच आहे. पण वेळेवर कळलं तर करण्यासारखं बरंच असतं. २५च्या आसपास दरवर्षी स्तनांचा एमआरआय सुरू करतात, तिशीपासून मॅमोग्राफीही. अंडाशयाचा कॅन्सर लवकर पकडणारी भरवशाची तपासणी नाही, म्हणून मुलंबाळं झाल्यावर, ३५ ते ४०च्या दरम्यान, अंडाशय आणि बीजनलिका काढण्याचा सल्ला देतात. कुणी स्तनही आधीच काढून घेतं. अँजेलिना जोलीने २०१३मध्ये ते जाहीरपणे सांगितलं होतं. प्रत्येकीने तेच करावं असं नाही.

तुमच्या घरात असं असेल तर शक्यतो आधी आजारी माणसाची तपासणी करा. तिथे बदल सापडला की बाकीच्यांना नेमकं काय शोधायचं ते कळतं. ‘अर्थ निश्चित नसलेला बदल’ असं अहवालात आलं, तर त्यावर शस्त्रक्रिया ठरवू नका. असे बहुतेक बदल पुढे निरुपद्रवी ठरतात. मुलीचं लग्न कसं जमेल म्हणून रडणाऱ्या आयांना मी सांगते, लहान मुलांची ही तपासणी करतच नाहीत. सज्ञान झाल्यावर तिचं ती ठरवेल. आणि स्तनाच्या कॅन्सरच्या १०० रुग्णांमध्ये असा वारशाने आलेला ५ ते १० जणींचाच असतो, हेही लक्षात असू द्या.

रेखाने रक्त दिलं. अहवालात बदल निघाला. ती रडली, मग पिशवीतून वही काढून म्हणाली, “एमआरआय कधीचा घ्यायचा? जूनच्या आत सांगा, जूनमध्ये गणवेशांची गर्दी असते.” डब्यांवरच्या चिठ्ठ्या तशाच आहेत. सापडायला बरं पडतं म्हणे.

आता तिचा भाऊ राहिलाय. त्याला दोन मुली आहेत आणि ‘बायकांच्या आजाराशी माझा काय संबंध’ हे पालुपद आहे. गुरुवारी येतोय. रेखाने त्याच्या गाडीची किल्ली काढून घेतली आहे.