पहिल्या नोकरीचे कपडे

नोकरी लागली म्हणून लगेच कपाट भरायला निघू नकोस. सुरुवातीला दोन पँट आणि तीन शर्ट पुरतात. ऑफिसात लोक खरंच काय घालतात ते आठवडाभर बघ, मग पुढची खरेदी कर.

पँट गडद निळी आणि राखाडी. शर्ट पांढरा, फिकट निळा आणि एखादा बारीक रेघांचा. यातला कुठलाही शर्ट कुठल्याही पँटवर चालतो, म्हणजे 6 जोड्या झाल्या. पुढे एक पँट आणि दोन शर्ट वाढवलेस की त्याच 15 होतात.

दुकानात सगळ्यात जास्त लक्ष खांद्यांकडे दे. शर्टाची शिवण खांद्याच्या हाडाच्या टोकाशी बसली पाहिजे. कंबर, बाही, पँटची उंची शिंपी सहज नीट करून देतो. खांदे दुरुस्त करणं कटकटीचं आणि महागाचं. मग कपडा उलटा करून शिवणीत कापड शिल्लक आहे का बघ, नाहीतर पुढे तो सैल करता येत नाही. कापडाचा कोपरा मुठीत थोडा वेळ आवळून सोड. चुरगळलेलाच राहिला, तर रोजची इस्त्री ठरलेली.

वापरलेले चांगले कपडे मिळत असतील तर मुळीच संकोच करू नकोस. फक्त कॉलरची घडी आणि काखेतले डाग उजेडात बघून घे.

बुटांत मात्र काटकसर नको. माझ्या स्वस्तातल्या बुटांचा तळ पहिल्याच पावसात सुटला होता. जमेल तेव्हा दुसरा जोड घे आणि आलटून पालटून घाल, म्हणजे आतला घाम नीट वाळतो. गडद पँट उलटी करून थंड पाण्यात धू, सावलीत वाळव, रंग टिकतो.